रस्त्यावरचे दिवे त्याच कंपनीचे का? शोधून काढायची रीत

दरवर्षी कलाभवन, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली पोरं प्रोजेक्टसाठी आमच्या ऑफिसात येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, या गावात हीच कंपनी का, आणि शेजारच्या गावात दुसरीच का?" मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका इलेक्ट्रिक कॉन्ट्रॅक्टरकडे एस्टिमेट आणि टेंडरं बघते. दांडिया बाजारातून स्कूटीवर येताना नजर खांबांवरच असते, सवय काही जात नाही. त्या पोरांना जे सांगते तेच इथे लिहून काढलंय.

आधी एक अट. "माल चांगला असेल म्हणून घेतला" आणि "कुणीतरी पैसे खाल्ले" ही दोन उत्तरं घरी ठेवून या. दोन्ही अधूनमधून खरी निघतात, पण त्यांनी काही उलगडत नाही. खाणारे सगळीकडेच असतात, मग दर गावात कंपनी वेगळी का? मी बघितलंय त्यावरून निकाल लागतो तो खांब कुणाच्या मालकीचा आहे यावर, एस्टिमेट कुणी लिहिलं यावर, दिवा बंद पडल्यावर सुटा भाग किती लांबून आणावा लागतो यावर, आणि त्या रस्त्यावर आधी कोण येऊन बसलं यावर. उजेड किती पडतो हा मुद्दा बराच नंतर येतो.

दिवसा जा, मान वर करा

रात्री फक्त उजेड दिसतो, फिटिंग दिसत नाही. दिवसा जा आणि मोबाइलने झूम करून फोटो काढा: खांबावर रंगवलेला नंबर, ब्रॅकेट, फिटिंगचं बूड. एलईडी असेल तर फिटिंग चपटी असते आणि पाठीवर उष्णता बाहेर टाकायच्या पट्ट्या असतात. जुनी सोडियम असेल तर पोट सुटलेली, खाली काचेचं नाहीतर अॅक्रिलिकचं भांडं. एकाच रस्त्यावर दोन-तीन घडणीच्या फिटिंग दिसल्या तर बरंच झालं, कारण घडण बदलते तिथे ऑर्डर बदललेली असते. कुठल्या खांबापासून बदलली ते लिहून घ्या.

मोठ्या रस्त्यावर थांबू नका. तिथे जो निधी येतो त्यातून नवीन माल लागतो आणि निघालेला जुना माल आतल्या गल्ल्यांत जातो. मांडवीच्या आसपासच्या पोळांत (जुन्या शहरातल्या गल्ल्यांत) शिरलात तर आधीच्या खरेदीचे अवशेष सापडतात. शहराचा खरा इतिहास पोळांत टांगलेला असतो, अलकापुरीसारख्या नव्या वस्तीत नाही.

आता कंपनी ओळखायची. इथे पोरं नेहमी घसरतात, कारण एका फिटिंगमध्ये तीन-चार कंपन्या राहतात. भंगारात निघालेली एक १५० वॅटची सोडियम फिटिंग आम्ही वर्कशॉपच्या टेबलावर उघडली होती. क्लिप गंजून बसलेली, स्क्रूड्रायव्हरने उचकटावी लागली. आत मेलेल्या किड्यांचा थर, गॅस्केट पापडासारखी मोडत होती. झाकणावर एका मोठ्या कंपनीचं नाव ठसठशीत ओतलेलं. आतला चोक मात्र दुसऱ्याच कंपनीचा, आणि तो जुन्या भोकांत बसेना म्हणून एक स्क्रू तिरका मारलेला. इग्नायटर भलत्याच मेकचा, काळ्या टेपने गुंडाळून बांधलेला. कपॅसिटर कुणीतरी काढूनच टाकला होता. दिवा आणखी वेगळ्या कंपनीचा. मी पोरांना विचारलं, सांगा, ही फिटिंग कुणाची? सगळ्यांनी झाकणावरचं नाव वाचलं. आमचे लाइनमन काका म्हणाले, "ज्याचा चोक स्टोअरमध्ये असतो त्याची." त्या दिवशी त्यांच्याइतकं बरोबर उत्तर कुणी दिलं नाही.

त्याचं कारण तांत्रिक आहे आणि ते समजून घेतलंच पाहिजे. सोडियमचा दिवा नुसत्या २३० व्होल्टवर पेटत नाही. सुरुवातीला काही हजार व्होल्टचा झटका लागतो, तो इग्नायटर देतो. एका जातीचा इग्नायटर स्वतःच्या वेटोळ्यातून झटका तयार करतो, त्याला चोक कुणाचाही चालतो. दुसऱ्या जातीचा इग्नायटर चोकचंच वेटोळं वापरतो. त्यासाठी चोकमधून मध्येच एक टॅप (तारेचा फाटा) काढलेला असावा लागतो, आणि इग्नायटर त्या चोकशी जुळणाराच घ्यावा लागतो. दुसरा लावलात तर दिवा लुकलुकत बसतो, नाहीतर चोक जातो. ज्या गावच्या स्टोअरमध्ये टॅपवाले चोक रॅक भरून पडलेत, तिथला स्टोअरकीपर नव्या खरेदीत दुसऱ्या मेकला हो म्हणेल कशाला? पहिली ऑर्डर कुणी जिंकली हे एकदा ठरलं की पुढच्या ऑर्डरी या रॅकमधून निघतात.

तसंच ब्रॅकेटच्या पाइपचं. पाइपचा बाहेरचा व्यास आणि फिटिंगच्या मागच्या सॉकेटचं माप जुळलं नाही तर दर खांबाला अॅडॅप्टर लागतो. एका अॅडॅप्टरचे पैसे किरकोळ, पण शहरभरच्या खांबांचे जमवा म्हणजे कळेल. खाली उतरवलेलं ब्रॅकेट कुठे दिसलं तर माप घ्यायला लाजू नका.

खांब कुणाचा

हा प्रश्न निम्मं काम करून टाकतो. नळ आणि गटारं महापालिकेची, म्हणून दिवेही तिचेच असणार असं धरून चालू नका. मुंबईचं बघा. शहरात रस्त्यावरचे दिवे बेस्ट सांभाळते, उपनगरांत बऱ्याच भागात अदाणी इलेक्ट्रिसिटी, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. महापालिका एकच, पण दिवे लावणारे तिघं. एकाच शहराच्या हद्दीत खरेदीचे तीन वेगळे दरवाजे असले की माहीमची खाडी ओलांडताना दिव्याची घडण बदलली तर नवल नाही.

बडोद्यातही हा खेळ खेळून बघा. महापालिकेची हद्द कुठे संपते, जीआयडीसीच्या आतले रस्ते कुणाचे, हायवेवर गोल्डन चौकडीपाशी कुणाचं राज्य, विद्यापीठाच्या कंपाउंडमधले खांब कुणाचे. शहराचा नकाशा घ्या आणि त्यावर मालकांच्या हद्दी पेन्सिलीने आखा. मगच फिटिंगची घडण भरा. दोन्ही रेषा किती ठिकाणी एकमेकींवर बसतात ते पाहून पोरं गप्प होतात.

मालक बदलला की बाजार कसा बदलतो याचे चांगले नमुने बाहेरदेशी आहेत. अमेरिकेत बरेच रस्त्यावरचे दिवे वीज कंपन्यांच्या मालकीचे. जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाउस या दोघी त्याच वीज कंपन्यांना जनरेटर, ट्रान्सफॉर्मर, मीटर सगळंच विकत होत्या. ज्याच्याकडून ट्रान्सफॉर्मर घेतला त्याच्याकडूनच दिवा घेणं सोयीचं: एकच सेल्समन, एकच हिशेब, एकच स्टोअर. जनरल इलेक्ट्रिक १८९२ मध्ये जन्मली ती एडिसनची कंपनी आणि मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावची थॉमसन-ह्यूस्टन एकत्र येऊन, आणि थॉमसन-ह्यूस्टन मुळात रस्त्यावरच्या आर्क दिव्यांच्याच धंद्यात होती. त्यामुळे रस्ता त्यांच्यासाठी नवा नव्हता.

ब्रिटनमध्ये उलटं. तिथे दिवे बहुतेक नगर परिषदांचे, दर बरोचा (नगराचा) इंजिनिअर वेगळा आणि त्याची आवड वेगळी. म्हणून तिथे टिप्टनची रेव्हो, हर्टफर्डशायरमधल्या वेअरची काँक्रीट युटिलिटीज, डर्बीशायरची स्टँटन अशा कितीतरी कंपन्या आपापलं अंगण धरून जगल्या. खरेदीदार बारीक बारीक असले की विकणारेही बारीक राहू शकतात.

आणि बर्लिन. २०१३ मध्ये क्रिस हॅडफील्ड या अंतराळवीराने अवकाश स्थानकातून काढलेला रात्रीचा फोटो शोधून बघा. भिंत पडून तेवीस वर्षं झाली होती, तरी शहराचा पूर्व भाग पिवळा आणि पश्चिम भाग पांढरट. पूर्वेत सोडियमचे दिवे, सरकारी कारखान्यांतून आलेली घडण. पश्चिमेत वेगळे पुरवठादार, वेगळ्या जातीचे दिवे, गॅसचेसुद्धा. सरकार गेलं, सीमा गेली, पण खांबावरचा माल बदलायला पैसे लागतात. प्रोजेक्टच्या मुखपृष्ठावर हा फोटो लावा, मार्क वाढतात.

आधी कोण आलं

आता थोडं जुन्यात शिरावं लागतं, पण फार नाही. वीज ज्याने आणली तो सोबत आपला माल घेऊन आला, हे पहिलं सूत्र. शिवसमुद्रमचं वीजघर १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी सुरू झालं, त्याची यंत्रं जनरल इलेक्ट्रिकची. त्याच विजेवर ५ ऑगस्ट १९०५ ला बंगळुरूत रस्त्यावरचे विजेचे दिवे लागले. मुंबईत त्याआधी चाळीस वर्षं, १८६५ पासून गॅसचे दिवे होते. तिथे विजेला जमलेल्या गॅसशी भांडून जागा करावी लागली. दोन शहरांतला हा फरक पुढे खांबांच्या अंतरात, उंचीत उतरतो, कारण नवीन दिवा बऱ्याचदा जुन्याच जागी बसतो.

दुसरं सूत्र म्हणजे वाटणी. १९२४ च्या शेवटी जिनिव्हात फीबस नावाचा करार झाला. ओसराम, फिलिप्स, फ्रान्सची कंपनी, ब्रिटिश कंपन्या, अमेरिकन जनरल इलेक्ट्रिकच्या परदेशी शाखा अशा सगळ्यांनी बल्बचं जग वाटून घेतलं. घरचा बाजार घरच्याला, बाकी ठिकाणी कोटा, आणि बल्बचं आयुष्य १००० तासांवर बांधलेलं. आयुष्य मुद्दाम कमी केलं हा किस्सा सगळे सांगतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती प्रदेशांची वाटणी. कुठल्या देशात कुठल्या कंपनीचे डीलर, कुणाची गोदामं, कुणाचं प्रशिक्षण घेतलेले मिस्त्री, हे त्या वर्षांत बसलं. दुसऱ्या महायुद्धाने करार मोडला, पण डीलर तेच राहिले.

आपल्याकडचे कारखाने त्याच काळातले. बंगाल लॅम्प १९३२ ची कोलकात्याची, म्हैसूर लॅम्प १९३६ ची बंगळुरूची आणि पुढे कर्नाटक सरकारच्या हाती गेलेली. फिलिप्स १९३० मध्ये कोलकात्यात आली ती बाहेरून दिवे आणून विकायला, तिथला कारखाना १९३८ चा. क्रॉम्प्टनचं मूळ मुंबईत १९३७ चं. बजाज इलेक्ट्रिकल्स १९३८ मध्ये रेडिओ लॅम्प वर्क्स या नावाने सुरू झाली. म्हणजे पूर्वेला दोन घरं, दक्षिणेला एक, पश्चिमेला दोन. उत्तरेत स्वातंत्र्यानंतर शिकोहाबादला हिंद लॅम्प्स उभी राहिली, फिरोजाबादच्या काचेच्या भट्ट्यांना लागून. तिथे एकाच छपराखाली बनलेले दिवे वेगवेगळ्या नावांनी बाजारात जात. त्यामुळे जुन्या दिव्यावरचं नाव वाचून कारखाना ओळखल्याचा आव आणू नका.

कारखाना किती लांब

नकाशावर कारखाने टाका. आमच्या बडोद्यात क्रॉम्प्टनने दिव्यांचा कारखाना पादऱ्याकडे कुराळला काढला, फिलिप्सनेही कारखाना बडोद्यात काढला. ग्वाल्हेरला माझी मावशी लष्कर भागात राहते, तिथून जवळच मालनपूरला सूर्या रोशनीचा कारखाना आहे. पण लगेच "कारखाना जवळ म्हणून दिवा त्यांचा" असं लिहू नका. चार-पाच किलोची फिटिंग ट्रकात हजारांनी मावते, तिचं भाडं नगण्य. जवळच्या कारखान्याचा फायदा वेगळ्या वाटेने येतो: त्यांचा माणूस एका फोनवर साइटवर येतो, वॉरंटीतला माल आठवड्यात बदलून मिळतो, आणि शहरात त्यांच्याकडे काम करून निवृत्त झालेले फोरमन असतात जे पुढे कॉन्ट्रॅक्टर होतात. आमच्या मकरपुऱ्यात असे बरेच आहेत. विजेची यंत्रं बनवणारी ज्योती १९४३ ची, गुजरात वीज बोर्डाचं मुख्यालय इथेच होतं, विजेच्या सामानाची तपासणी करणारी एर्डा १९७४ पासून इथे. या गावात विजेचं काम कळणारा माणूस शोधावा लागत नाही.

खांबाचं मात्र अंतर मोजा. नऊ मीटरचा अष्टकोनी खांब शंभर किलोच्या आतबाहेर जातो आणि ट्रक वजनाआधी लांबीने भरतो. शिवाय तो जस्तात बुडवायला तेवढी लांब टाकी लागते. ती ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच जावं लागतं, आणि अशा टाक्या गल्लोगल्ली नसतात. म्हणून दिव्याच्या कंपन्या देशभर पसरतात आणि खांबाच्या कंपन्या आपापल्या भागात राहतात. जगभर हेच दिसतं, वर सांगितलेली वेअरची कंपनी काँक्रीटच्या खांबांवरच मोठी झाली.

कर हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत राज्याबाहेरून थेट बिल केलं की केंद्रीय विक्रीकर लागायचा. तोच माल कंपनीने स्वतःच्या डेपोत हलवला, एफ फॉर्म भरला, तर तो कर नाही. मग मोठ्या कंपन्यांनी दर राज्यात डेपो उघडले. छोट्या कारखान्याला डेपो परवडेना, तो आपल्याच राज्यात अडकला. गुजरातच्या महापालिकांत २००७ पर्यंत जकातही होती. त्यात राज्य सरकारांची आपापल्या लघुउद्योगांना झुकतं माप देणारी खरेदी. हे सगळं जोडा, मग २०१७ च्या आधीच्या फिटिंगमध्ये एकेका राज्याचे वेगळे स्थानिक मेक का दिसतात ते आपोआप कळतं. फोटोंची यादी २०१७ च्या आधी आणि नंतर अशी विभागून बघा.

टेंडर वाचायला शिका

हे माझं रोजचं काम, म्हणून इथे जरा जास्त बोलते.

गुजरातमध्ये टेंडरं एन-प्रोक्योर या वेबसाइटवर निघतात. पोरं टेंडर उघडतात आणि किंमत बघतात. किंमत शेवटी बघा. आधी "अॅप्रूव्हड मेक"ची यादी काढा. त्यात ज्यांची नावं आहेत तेवढ्यांतच सामना होणार, बाकीचे स्टेडियमबाहेर. यादी म्हणजे लगेच भानगड असं मी मानत नाही. छोट्या नगरपालिकेच्या इंजिनिअरकडे ना प्रयोगशाळा ना वेळ. तो शेजारच्या मोठ्या शहराचं एस्टिमेट मागवतो, नाव बदलतो आणि छापतो. मोठ्या शहराची आवड अशी आसपासच्या गावांत उतरते. दोन गावांची टेंडरं शेजारी ठेवून वाचा, शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा त्याच असतात. चूक कुठून आली ते शोधलंत की कंपनी कुठून आली ते सापडतं.

मग स्पेसिफिकेशन. यात काही आकडे सगळ्यांचे सारखे असतात: फिटिंग आयएस १०३२२ प्रमाणे, आयपी ६५ किंवा ६६, १० केव्ही सर्ज प्रोटेक्शन, पॉवर फॅक्टर ०.९५ च्या वर, एलएम-७९ आणि एलएम-८० चे रिपोर्ट. ते सोडून द्या. विचित्र आकडे शोधा. एका नगरपालिकेच्या टेंडरात फिटिंगची लांबी मिलिमीटरपर्यंत दिली होती. रस्त्यावरच्या दिव्याची लांबी कुणाला कशाला पडलीय? कॅटलॉग काढून बघितले तर ते माप एकाच मॉडेलचं निघालं. आमच्या शेठनी फाइल बंद केली आणि चहा मागवला. असा आकडा म्हणजे बोटाचा ठसा समजा: वजन, झाकणाच्या क्लिपची जात, रंगाचा शेड नंबर, कुठेही असू शकतो.

अनुभवाची अट त्याहून जास्त काम करते, आणि ती अगदी नियमातली असते. टेंडरच्या किमतीच्या ८० टक्क्यांचं तशाच प्रकारचं एक काम, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ४० टक्क्यांची तीन केलेली असावीत. वाचायला रास्त वाटतं. पण ज्या भागात मोठी कामं मोजकीच निघतात, तिथे आधीचं काम ज्याने केलं त्यालाच पुढचं भरता येतं. कुणी काही वाकडं न करता मक्तेदारी तयार होते. काम तुकड्यांत काढलं असतं तर चार नवे लोक आत आले असते. म्हणून टेंडर एकच मोठं आहे की झोनवार तुटलेलं, हे लिहून घ्यायला विसरू नका.

सगळ्यात रसाळ कागद म्हणजे प्री-बिड (टेंडर भरण्याआधीच्या) मीटिंगचे प्रश्न आणि त्यानंतरचं शुद्धिपत्रक. कुठली अट शिथिल करा असं कुणी विचारलं आणि कुठली झाली, यावरून कोण आत येऊ बघत होतं आणि दार किती उघडलं ते समजतं. बरीच पोरं शुद्धिपत्रक डाउनलोडच करत नाहीत.

एलईडी आल्यावर

सोडियमच्या काळातलं सगळं एलईडीने उधळलं असं म्हणतात. अर्धंच खरं. केंद्र सरकारच्या ईईएसएल या कंपनीने घरगुती एलईडी बल्बची एकगठ्ठा खरेदी केली, तेव्हा खरेदीचा भाव २०१४ च्या सुरुवातीच्या ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत आला. तीच रीत रस्त्यांना लावली, राष्ट्रीय कार्यक्रम ५ जानेवारी २०१५ ला सुरू झाला. विशाखापट्टणममध्ये ऑक्टोबर २०१४ च्या हुदहुद वादळाने दिव्यांची धूळधाण केली होती, तिथे सुमारे ९० हजार एलईडी लागले. अशा ठिकाणी गावच्या इंजिनिअरची आवड, स्टोअरमधले चोक, ओळखीचा डीलर, सगळं बाजूला पडलं. खरेदीदार एकच आणि दिल्लीत बसलेला. तुमच्या गावातले दिवे या योजनेतले आहेत का, हे आधी शोधा. असतील तर स्थानिक कारणं शोधण्यात दिवस घालवू नका.

पण कुलूप नव्या जागी लागलं. पूर्वी ते चोकमध्ये होतं, आता कंट्रोल पॅनेलमध्ये आहे. खांबांच्या ओळीला एक सीसीएमएस पॅनेल असतं, ते दिवे चालू-बंद करतं आणि बिघाड सर्व्हरला कळवतं. ते सॉफ्टवेअर ज्याचं, त्याच्याच पॅनेलशी ते बोलतं. त्यात देखभालीचा करार सात वर्षांचा. तेवढ्या काळात शहराचा डेटा, तक्रारींची यादी, ऑपरेटरांची सवय सगळं एका कंपनीकडे जमतं. टेंडरात "सर्व मेकच्या पॅनेलशी जुळणारं" ही ओळ आहे का बघा. नसेल तर पुढच्या खेपेला कोण येणार ते सांगायला ज्योतिषी नको.

कधीकधी कारण दिव्याशी, खरेदीशी, कशाशीच संबंधित नसतं. कॅलिफोर्नियातल्या सॅन होझे शहराने कमी दाबाचे सोडियम दिवे लावले, कारण वर डोंगरावर लिक वेधशाळा आहे. त्या दिव्याचा प्रकाश एकाच पिवळ्या रंगाचा, दुर्बिणीत तेवढाच गाळून टाकता येतो. मग ज्या कंपन्या तसा दिवा बनवत त्यांचंच तिथे चालायचं. आपल्या गावात असं एखादं कारण आहे का, विमानतळ, पुरातत्त्व खात्याचा परिसर, राजवाड्याचा रस्ता, हे एकदा विचारून घ्या.

कागद कसे मागायचे

एवढं झाल्यावरही भोकं राहतात, ती माहितीच्या अधिकाराने भरा. "आमच्या शहरात अमुक कंपनीचेच दिवे का" असं विचारू नका. "का"ला उत्तर द्यायला अधिकारी बांधील नाही, तो फक्त हाताशी असलेला कागद देतो. म्हणून कागदाचं नाव घेऊन मागा: अमुक वर्षांतल्या स्ट्रीट लाइट खरेदीच्या वर्क ऑर्डरींच्या प्रती, तांत्रिक छाननीचा तक्ता, आणि इलेक्ट्रिक स्टोअरच्या स्टॉक रजिस्टरच्या चोक, इग्नायटर आणि ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) यांच्या पानांच्या प्रती. तिसरी मागणी कुणी करत नाही आणि सगळ्यात जास्त तीच सांगते, म्हणून ती गाळू नका. बडोदा महापालिकेसाठी अर्ज खंडेराव मार्केटच्या इमारतीत द्यायचा, उत्तराची मुदत ३० दिवस. आणि अर्ज गुजरातीत, हिंदीत नाहीतर इंग्रजीत लिहा. कायद्यात या भाषा दिल्यात, घरी आपण मराठी बोलतो म्हणून तिथे मराठीतला अर्ज घेतीलच असं नाही. गुजराती लिहायला जड जात असेल तर वर्गातल्या एखाद्या पटेलला गाठा, तोही तसा प्रोजेक्टमध्ये दुसरं काही करत नसतोच.